नोंद कुणाची धरायची? अमेरिकेतल्या कृत्रिम पायांच्या बिलांमागचा वाद

पुण्यात, नवी मुंबईत रात्रपाळीला बसून अमेरिकन दवाखान्यांची बिलं पाहणारे बरेच जण आहेत. त्यांच्यापैकी ज्यांच्या वाट्याला कृत्रिम हातापायांचे क्लेम येतात, त्यांना एक नकार तोंडपाठ असतो: डॉक्टरांच्या नोंदींवरून गरज सिद्ध होत नाही. पाय गुडघ्याच्या वर कापलेला आहे, शस्त्रक्रियेचे कागद आहेत, नवा पाय लावून माणूस चालू-फिरू लागला आहे, तरीही विम्याने दिलेले पैसे परत मागितले जातात. कामावर नव्याने आलेल्याला हा वेडेपणा वाटतो. पण पाय हवा की नको, यावर वाद नसतोच. कोणत्या प्रतीचा पाय हवा आणि ते कुणी लिहून ठेवलंय, यावर असतो.

अमेरिकन यादवी युद्धात हा हिशेब सोपा होता. १८६२ पासून सरकार अपंग सैनिकाला पायासाठी ७५ डॉलर आणि हातासाठी ५० डॉलर देऊ लागलं. पाय बनवणारा सुताराच्या नाहीतर लोहाराच्या जातकुळीतला कारागीर. पुढे या कारागिरांची संघटना झाली, १९४८ मध्ये त्यांच्यासाठी प्रमाणपत्र देणारं मंडळ निघालं, कसब शास्त्र झालं. पण १९६५ च्या मेडिकेअरने, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याने, वृद्धांचा दवाखान्याचा खर्च उचलायला घेतला, तेव्हा त्या व्यवस्थेत प्रोस्थेटिस्टची, म्हणजे कृत्रिम हातपाय बनवून बसवणाऱ्याची, जागा राहिली ती ‘पुरवठादार’ म्हणूनच. व्हीलचेअर, वॉकर, ऑक्सिजनची यंत्रं विकणारे ज्या रांगेत, त्याच रांगेत हाही. माझ्या मते पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ इथे आहे. पुरवठादाराच्या स्वतःच्या वहीवर गरज ठरवायची नाही, हा नियम त्या रांगेसाठी होता आणि तो अगदीच गैर नव्हता. २००३ च्या सुमाराला टेक्ससमध्ये ह्यूस्टनच्या परिसरात विजेवर चालणाऱ्या व्हीलचेअरच्या खोट्या बिलांचं एवढं पेव फुटलं होतं, की मेडिकेअरला त्यासाठी वेगळी मोहीम काढावी लागली.

पण पाय काही खोक्यातून काढून देता येत नाही. उरलेल्या पायाचा साचा घ्यायचा, तो ज्यात बसतो ते सॉकेट बनवायचं, घालून पाहायचं, कुठे घासतंय ते बघून पुन्हा तासायचं, माणसाला चालवून बघायचं. या सगळ्या भेटींचे पैसे वेगळे मिळत नाहीत, ते पायाच्या किमतीतच धरलेले असतात. रुग्ण कसा चालतो हे सगळ्यात जास्त वेळा पाहतो तो प्रोस्थेटिस्ट. डॉक्टर साखर बघतो, रक्तदाब बघतो आणि लिहितो: मधुमेह आटोक्यात, पाय कापलेला, तीन महिन्यांनी भेट.

१९९० च्या दशकाच्या मध्यात मेडिकेअरने रुग्णाच्या चालण्या-फिरण्याच्या क्षमतेच्या के-० ते के-४ अशा पाच पायऱ्या ठरवल्या. के-१ चा माणूस घरातल्या घरात वावरतो, के-२ चा उंबरठा-पायरी ओलांडून बाहेर जातो, के-३ चा चालण्याचा वेग कमी-जास्त करू शकतो. पायरी जितकी वरची, तितका महाग गुडघा आणि पंजा मंजूर होतो. १९९७ मध्ये ओटोबॉक या जर्मन कंपनीने सी-लेग हा मायक्रोप्रोसेसरवर चालणारा गुडघा आणला आणि के-२ व के-३ मधल्या रेषेला मोठ्या रकमेचं वजन आलं. मजा अशी की पायरी ठरवताना रुग्ण आज काय करतो एवढंच बघायचं नसतं. पुढे काय करू शकेल, याचाही अंदाज धरायचा असतो. अंदाज आला की दोन शहाण्यांची दोन मतं आलीच.

अशात वसुलीदार आले. २००३ च्या कायद्याने रिकव्हरी ऑडिटचा, म्हणजे चुकती केलेली बिलं पुन्हा तपासून पैसे वसूल करण्याचा, प्रयोग सुरू झाला. कॅलिफोर्निया, फ्लोरिडा आणि न्यूयॉर्क ही पहिली राज्यं. २००८ पर्यंत सुमारे १ अब्ज ३ कोटी डॉलरच्या चुका सापडल्या आणि त्यातल्या ९६ टक्के ‘जास्त दिले गेले’ या प्रकारच्या. मग ही पद्धत देशभर लागू झाली. तपासणी करणाऱ्या कंपन्यांना पगार नव्हता, वसुलीतला वाटा होता, साधारण ९ ते १२.५ टक्के. वाट्यावर नेमलेल्या माणसाला चुका कमी दिसतील, अशी अपेक्षा कोण करील?

ऑगस्ट २०११ मध्ये दोन गोष्टी एकदम घडल्या. आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांचा अहवाल आला: २००५ ते २००९ मध्ये पायांच्या कृत्रिम अवयवांवरचा मेडिकेअरचा खर्च ५१.७ कोटी डॉलरवरून ६५.५ कोटींवर गेला, पण ते घेणाऱ्यांची संख्या किंचित घटली. ज्या डॉक्टरने पाय लिहून दिला त्याचं त्या रुग्णासाठी एकही बिल नाही, अशा क्लेमवर २००९ मध्ये ६.१ कोटी डॉलर गेले होते. त्याच महिन्यात मेडिकेअरची बिलं हाताळणाऱ्या चार कंत्राटदारांच्या वैद्यकीय संचालकांनी डॉक्टरांना पत्र काढलं. रुग्णाची चाल, तोल, हृदय-फुप्फुसांची ताकद, रोजची कामं, आधाराला काठी लागते का, हे सगळं डॉक्टरांच्या स्वतःच्या नोंदीत हवं. प्रोस्थेटिस्टची नोंद एकटी पुरणार नाही. व्यवसायाची तक्रार होती की पत्र २०११ चं, पण त्याची कसोटी त्याआधी बसवलेल्या पायांनाही लावली गेली. पाय तर त्या माणसाच्या मापाचा, परत घेऊन दुसऱ्याला देता येत नाही, आणि गुडघ्याचे पैसे कंपनीला केव्हाच चुकते झालेले. लहान दुकानं यातच आडवी होतात. प्रोस्थेटिस्टांची संघटना २०१३ मध्ये कोर्टात गेली.

अपिलाची वाट होती, पण तुंबलेली. अपिलाच्या तिसऱ्या पायरीवरच्या न्यायाधीशाने ९० दिवसांत निकाल द्यावा असा नियम. प्रत्यक्षात दोन वर्षांच्या आत प्रलंबित दावे ९२,००० वरून ४,६०,००० च्या वर गेले आणि जुलै २०१३ पासून पुरवठादारांची नवी अपिलं न्यायाधीशांकडे सोपवणंच थांबवलं गेलं. वसुली मात्र अपिलाच्या दुसऱ्या पायरीनंतर सुरूच.

जुलै २०१५ चा मेडिकेअरच्या नव्या नियमांचा मसुदा तर आणखी पुढे गेला. चालणं ‘नैसर्गिक दिसायला’ हवं, असं त्यात होतं. पाय गमावलेल्या माणसाला ही अट! ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनला आरोग्य खात्याच्या दारात कृत्रिम पायांवर उभं राहून लोकांनी निदर्शनं केली आणि नोव्हेंबरमध्ये तो मसुदा बाजूला पडला.

नोंदीचा प्रश्न अखेर ९ फेब्रुवारी २०१८ ला अर्थसंकल्पाच्या एका जाडजूड कायद्यातल्या ५०४०२ क्रमांकाच्या कलमाने सोडवला, असं म्हणतात. प्रोस्थेटिस्टच्या नोंदी रुग्णाच्या वैद्यकीय दप्तराचा भाग धरल्या जातील. मात्र डॉक्टरांच्या नोंदीला ‘पुष्टी’ म्हणून, त्यांच्या जागी नव्हे. नकाराच्या पत्रांत अजूनही याच शब्दावर बोट ठेवलेलं दिसतं.

२०२० च्या शेवटी बिलातल्या सहा महागड्या कोडसाठी, म्हणजे सुट्या भागांच्या क्रमांकांसाठी, पाय बसवण्याआधीच मंजुरी घेण्याची अट देशभर लागू झाली. काहींना ती जाच वाटते, काहींना नंतरच्या वसुलीपेक्षा बरी. १ सप्टेंबर २०२४ पासून के-२ च्या रुग्णालाही मायक्रोप्रोसेसरचा गुडघा मिळू शकतो. तो त्याला का लागतो, हे आधी डॉक्टरांच्या नोंदीत शोधलं जातं.