सॉकेट लायब्ररीचे पोर्टिंग : विंडोजवरून लिनक्सवर

विंडोजसाठी लिहिलेली असिंक्रोनस सॉकेट लायब्ररी, म्हणजे एकेका जोडणीपाशी ताटकळत न बसता एकाच वेळी अनेक जोडण्या सांभाळणारी लायब्ररी, लिनक्सवर चालेल अशी करणे, हे तिचे पोर्टिंग. सॉकेट म्हणजे नेटवर्कवरच्या जोडणीचे प्रोग्रामच्या हाती असलेले टोक. मराठवाड्यात हे काम बहुधा एखाद्या जुन्या सर्व्हरपायी निघते. वाळूजच्या कारखान्यातील यंत्रांच्या नोंदी किंवा जालन्यातील सळई कारखान्याच्या वजनकाट्याचे आकडे गोळा करणारा प्रोग्राम ऑफिसातल्या विंडोज पीसीवर वर्षानुवर्षे चाललेला असतो. मग एक दिवस तो भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर न्यायचे ठरते. ग्राहकाच्या लेखी हे ‘नुसतं दुसऱ्या मशीनवर टाकायचं’ असते.

दोन्हीकडच्या सॉकेटचे मूळ एकच, १९८३च्या ४.२ बीएसडी या युनिक्समधले. १९९३च्या विनसॉक १.१ने, म्हणजे विंडोजच्या सॉकेट-मानकाने, तीच फंक्शने विंडोजवर आणली, आणि या साम्यानेच माणूस फसतो. ‘क्लोजसॉकेट’च्या जागी ‘क्लोज’ लिहिणे, सुरुवातीची ‘डब्ल्यूएसए-स्टार्टअप’ काढून टाकणे, एररचा आकडा ‘एररनो’मधून घेणे, हे सगळे शोधा-बदला करून उरकते. तरीही खाचा राहतातच. नॉन-ब्लॉकिंग, म्हणजे काम होईपर्यंत थांबून न राहणारा, ‘कनेक्ट’ विंडोजवर १००३५ म्हणजे ‘वुडब्लॉक’ देतो, लिनक्सवर ‘इनप्रोग्रेस’. जुन्याच एररची वाट पाहणारा कोड चांगली जोडणी तुटली असे समजून सोडून देतो. कोणत्या सॉकेटवर हालचाल आहे हे सांगणाऱ्या ‘सिलेक्ट’मध्ये विंडोजवर मुळात ६४ सॉकेट मावतात आणि ही मर्यादा वाढवता येते. लिनक्सवर १०२४ किंवा त्यापुढचा डिस्क्रिप्टर क्रमांक, म्हणजे सॉकेटला मिळालेला नंबर, त्यात टाकला, तर शेजारची मेमरी बिघडते.

फार जुनी लायब्ररी असेल तर ती ‘डब्ल्यूएसए-एसिंक-सिलेक्ट’वर उभी असते. त्यात सॉकेटच्या घटना विंडो मेसेज म्हणून येतात आणि त्यासाठी पडद्यावर न दिसणारी एक खिडकी लागते. लिनक्स सर्व्हरवर ना खिडकी ना मेसेज लूप. तो भाग पोर्ट करत बसू नये, नव्याने लिहावा.

एनटी ३.५पासून, म्हणजे १९९४पासून, अनेक जोडण्या एकत्र सांभाळण्यासाठी विंडोजवर आयओसीपी ही सोय आहे, आणि लिनक्सच्या २.६ कर्नलपासून, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याच्या त्या आवृत्तीपासून, ईपोल. या दोहोंतला फरक मराठवाड्यातल्या माणसाला टँकरवरून लवकर उमजतो. आयओसीपीत रिकामे पिंप दारात ठेवून आपण कामाला जायचे. टँकरवाला ते भरतो आणि भरल्याचा निरोप धाडतो. तोवर पिंपाला हात लावायचा नाही. बफर, म्हणजे डेटासाठी दिलेली मेमरी, कर्नलच्या ताब्यात असतो, आणि काम रद्द केले तरी तसा निरोप येईपर्यंत तो मोकळा करता येत नाही. ईपोल नुसती ‘टँकर आला’ अशी हाक देतो. घागर घेऊन आपणच जायचे.

हाकेच्याही दोन तऱ्हा. लेव्हल-ट्रिगर्डमध्ये टँकरात पाणी आहे तोवर हाक चालूच राहते. एज-ट्रिगर्डमध्ये हॉर्न एकदाच वाजतो. एक घागर भरून घरी परतलात आणि दुसऱ्या हॉर्नची वाट पाहत बसलात, तर बाकीचे पाणी टँकरातच. म्हणून आता वाचायला काही उरले नाही असे सांगणारी ‘अगेन’ ही एरर येईपर्यंत वाचत राहावे लागते. ते न केल्यास काट्यावरच्या ट्रकचे वजन पुढचा ट्रक चढल्यावर पडद्यावर उमटते, आणि दोष मात्र काट्याला दिला जातो.

पाठवतानाची अडचण वेगळी. नॉन-ब्लॉकिंग ‘सेंड’ मागितले त्याहून कमी बाइट घेऊन परत येऊ शकतो. उरलेला भाग रांगेत ठेवून जागा झाल्याच्या हाकेची वाट पाहणे हे लायब्ररीचे काम. समोरच्याने बंद केलेल्या जोडणीवर लिहिले, तर लिनक्स ‘सिगपाइप’ सिग्नल देतो आणि तो हाताळला नसेल तर अख्खा सर्व्हर मरतो. विंडोजवर हा प्रकारच नाही. ‘सेंड’ला ‘नोसिग्नल’ फ्लॅग दिला की हे टळते.

सर्वांत फसवी चूक मात्र एककांची. वीज गेली की समोरचे यंत्र निरोप न देता गप्प होते, म्हणून जोडणी जिवंत आहे का हे अधूनमधून तपासणारा कीपअलाइव्ह लावतात. विंडोजची जुनी सोय त्याची मुदत मिलिसेकंदांत घेते, लिनक्स सेकंदांत. तीस सेकंदांसाठी लिहिलेला ३०००० हा आकडा लिनक्सवर आठ तास वीस मिनिटे होतो. तेवढ्यात शेतीपंपाच्या विजेची एक पाळी उरकते, आणि सर्व्हर मेलेली जोडणी जिवंत धरून बसलेला असतो.

थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या कामाच्या धारा, असतील तर आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. विंडोजचे क्रिटिकल सेक्शन नावाचे कुलूप त्याच थ्रेडला पुन्हा आत घेते. लिनक्सचा साधा पीथ्रेड म्यूटेक्स घेत नाही आणि थ्रेड स्वतःच्याच कुलपात अडकतो. शिवाय लिनक्स नव्या जोडणीला सर्वांत लहान मोकळा डिस्क्रिप्टर क्रमांक देतो. नुकत्याच बंद केलेल्या सॉकेटचा क्रमांक लगेच दुसऱ्याला मिळतो, आणि परभणीच्या यंत्रासाठी निघालेला निरोप हिंगोलीच्या जोडणीवर जाऊन पडतो.

बूस्ट एसिओ आणि लिबयूव्ही या तयार लायब्ररींनी वरचा साचा ‘काम झाले की कळव’ असाच ठेवून लिनक्सवर तो ईपोलवर बसवला आहे. नव्याने पोर्ट करणाऱ्याने आपला कोड लिहिण्याआधी त्यांचा वाचावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत. २०१९च्या लिनक्स ५.१मध्ये आयओ-युरिंग आल्यावर दारात पिंप ठेवून जाण्याची सोय लिनक्सवरही झाली आणि आयओसीपीचा आराखडा तिच्यावर बराच सरळ बसतो. मात्र सुरक्षेच्या कारणावरून डॉकरच्या (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या साधनाच्या) नव्या आवृत्त्यांच्या मूळ सेटिंगमध्ये ती बंद असते, त्यामुळे ईपोलचा मार्ग सोबत ठेवावाच लागतो.