घशातला काटा: भाताच्या गोळ्यापासून दुर्बिणीपर्यंत

भंडारा-गोंदियाकडे मामा (माजी मालगुजारी) तलावाची मासोळी ताटात आली की काटाही येतोच. तो घशात रुतला की घरातलं मोठं माणूस सांगतं, "भाताचा गोळा गिळ, चावू नको." कधी काटा उतरतो, कधी टॉन्सिलमध्ये नाहीतर जिभेच्या मुळाशी आणखी खोल शिरतो.

गंमत म्हणजे जुनं शास्त्र काटा ढकलायला सांगतच नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, 27व्या अध्यायात, घशात आडव्या अडकलेल्या हाडावर उपाय आहे: केसांचा गुंडा मजबूत दोऱ्याला बांधून पातळ अन्नासोबत गिळवायचा, ओकारी करवायची आणि हाड गुंड्यात गुंतलं की दोरा झटक्यात ओढायचा. नुसता घास अडकला असेल तर रोग्याला कळू न देता खांद्यावर बुक्की!

अडचण होती ती दिसण्याची. 1854 मध्ये मॅन्युएल गार्सिया या गाणं शिकवणाऱ्या माणसानं छोट्या आरशात स्वतःचाच कंठ पाहिला. 1868 मध्ये जर्मन डॉक्टर कुसमाउल यांनी तलवार गिळणाऱ्या कलाकाराच्या अन्ननलिकेत सरळ नळी उतरवली. एवढी ताठ वस्तू गिळायला दुसरं कोण तयार होणार? 1895 मध्ये रॉंटगेननं क्ष-किरण शोधले. पुढं अमेरिकेत शेव्हालिए जॅक्सन यांनी दोन हजारांवर वस्तू नळीतून काढल्या आणि जपूनही ठेवल्या. पूर्ण वाकणारी दुर्बीण (एंडोस्कोप) आली ती 1957 मध्ये.

एक्स-रेवरही सगळं दिसत नाही. माशाचा बारीक काटा बरेचदा निसटतो. नाणं मात्र अन्ननलिकेत असलं तर समोरून घेतलेल्या फिल्मवर पूर्ण गोल दिसतं. बाजाराच्या दिवशी आणलेल्या खेळण्यातला बटन सेलही (बटणाएवढी चपटी बॅटरी) तसाच गोल, पण नीट पाहिलं तर त्याच्या कडेला आत आणखी एक कडा असते. ती ओळखणं फार महत्त्वाचं. पोटात उतरलेलं नाणं बहुधा आपोआप बाहेर पडतं, म्हणून घरचे "निघून जाईल" म्हणत केळी चारत बसतात. पण अन्ननलिकेत अडकलेला सेल दोन तासांतच आतून भाजायला लागतो, आणि भामरागडहून गडचिरोलीच्या दवाखान्यात पोचायलाच त्याहून जास्त वेळ लागतो.