जनुकाचा स्टार्टर: पारजनुकीय माशांमागची गोष्ट

डिसेंबर लागला की निफाडचा पारा बातम्यांत येतो. बागायतदार पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात. त्याच बागेच्या शेततळ्यातले रोहू-कटला तळाशी जाऊन बसतात आणि टाकलेलं खाद्य तसंच तरंगत राहतं. थंडीत मासा अंग धरत नाही, हे तळ्यात मत्स्यबीज सोडणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पारजनुकीय, म्हणजे बाहेरून जनुक घातलेल्या, माशांची गोष्टही थंडीपाशीच येऊन पोचते.

विहिरीवरची मोटार कितीही दणकट असली तरी स्टार्टर दाबल्याशिवाय पाणी चढत नाही. जनुकाचंही तसंच. त्याच्या अलीकडचा डीएनएचा तुकडा, म्हणजे प्रमोटर, हा त्याचा स्टार्टर. जनुक कोणत्या अवयवात, केव्हा आणि किती चालायचं, हे बरंचसं तिथं ठरतं. बातम्यांत परक्या जनुकाचाच गाजावाजा होतो. माझ्या मते खरी करामत प्रमोटरची आहे.

1982 साली अमेरिकेत रॅट या मोठ्या उंदराचं वाढ-संप्रेरकाचं जनुक लहान उंदराच्या मेटॅलोथायोनिन प्रमोटरला जोडलं गेलं. हा प्रमोटर जस्तासारख्या धातूंनी चालू होतो. त्यातून जन्मलेले काही उंदीर भावंडांच्या जवळपास दुप्पट भरले. चीनमध्ये वूहानला झू झुओयान यांनी तोच स्टार्टर माणसाच्या वाढ-संप्रेरकाच्या जनुकाला लावून गोल्डफिशच्या अंड्यांत टोचला. ते काम 1985 मध्ये प्रसिद्ध झालं. पण उंदराचे किंवा विषाणूंचे प्रमोटर माशात भरवशाने चालेनात. शिवाय असा मासा ताटात कोण घेणार?

कॅनडात न्यूफाउंडलंडला गार्थ फ्लेचर आणि चॉय ह्यू यांना आधी वेगळंच हवं होतं. बर्फाळ समुद्रात काही माशांचं रक्त गोठत नाही, कारण त्यात गोठणरोधक प्रथिनं असतात. ती सामन माशाला द्यायची, म्हणजे तो हिवाळ्यात समुद्रातल्या जाळीच्या पिंजऱ्यात मरणार नाही. जनुक गेलं, पण प्रथिन फारच थोडं तयार झालं. मग त्यांनी प्रथिनाचा नाद सोडून त्याचा स्टार्टर उचलला. ओशन पाउट माशाचा गोठणरोधक प्रमोटर आणि चिनूक सामनचं वाढ-संप्रेरक जनुक अशी जोडी 1989 मध्ये अटलांटिक सामनमध्ये घातली गेली. एरवी हे संप्रेरक मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीत, ऋतुमानाप्रमाणे कमी-जास्त बनतं. आता ते इतर अवयवांतही आणि बारमाही बनू लागलं. तीन वर्षांऐवजी दीड वर्षात मासा बाजारायोग्य झाला. अमेरिकेची मंजुरी मिळायला मात्र नोव्हेंबर 2015 उजाडलं.

आपल्याकडे मदुराईत टी. जे. पांडियन यांच्या गटाने रोहूचंच वाढ-संप्रेरक जनुक कार्प कुळातल्या माशाच्या बीटा-ॲक्टिन प्रमोटरला जोडलं. हा प्रमोटर जवळपास सगळ्या पेशींत चालतो. वाढलेल्या रोहूंचे निष्कर्ष 2004 मध्ये आले. तरी शेततळ्यासाठी किंवा खाण्यासाठी भारतात एकाही पारजनुकीय माशाला परवानगी मिळालेली नाही. आपली तळी पावसाळ्यात फुटतात, ओहोळ गोदावरीला मिळतात. त्यामुळे ही सावधगिरी मला योग्यच वाटते.

निळ्या दिव्याखाली चमकणारे झेब्राफिश याच वाटेवरचे. सिंगापूरच्या झियुआन गोंग यांच्या प्रयोगशाळेत स्नायूंत चालणारा प्रमोटर चमकणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाला जोडला, म्हणून त्यांचं सगळं अंग उजळतं. मूळ ध्यास होता प्रदूषण दिसताच उजळणाऱ्या माशाचा. तसे मासे पुढे खरंच झाले. मेडाका माशाच्या अंड्याच्या आवरणाचं प्रथिन बनवणारं जनुक यकृतात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाने चालू होतं. त्याचा प्रमोटर हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाला जोडला, तर पाण्यात इस्ट्रोजेनसारखं रसायन असताना पारदर्शक पिल्लाच्या पोटात हिरवा ठिपका दिसतो. रामकुंडाखालच्या पाण्याची बाटली अशा पिल्लांच्या भांड्यात ओतून, बंद प्रयोगशाळेत, एकदा पाहायला हवं.