ढिगाऱ्यातून जिवंत काढलं, मग किडनी का जाते?

भूकंपाच्या बातम्यांत एक व्हिडिओ हमखास असतो, दोन-तीन दिवसांनी कुणालातरी ढिगाऱ्यातून बाहेर काढतात, टाळ्या वाजतात, आपण म्हणतो सुटला बिचारा, आणि बातमी संपते. पण पायावर स्लॅब असताना नीट बोलणारा माणूस स्लॅब उचलल्यावर काही मिनिटांत जाऊ शकतो. याला क्रश सिंड्रोम म्हणतात. लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा, १९४१ मध्ये, बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी त्याचं व्यवस्थित वर्णन केलं.

होतं असं. स्नायूच्या पेशीत पोटॅशियम भरपूर, साधारण १४०, आणि रक्तात जेमतेम ४ (एकक मिलीमोल प्रति लिटर). हा फरक टिकवायला पेशीतला पंप सतत सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ढकलत असतो. तासन् तास दाब आला की पेशीचं आवरण ताणून गळायला लागतं, सोडियम आणि कॅल्शियम आत घुसतात, रक्तपुरवठा नसल्यामुळे पंपाला लागणारं एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, संपतं आणि पेशी मरायला लागते. दाब आहे तोवर हा सगळा माल पायातच अडकलेला असतो. दाब काढला की रक्त परत फिरतं आणि पोटॅशियम थेट हृदयाकडे, म्हणजे ठोके बिघडून हृदय तिथल्या तिथं थांबू शकतं. त्याच वेळी रक्तातलं पाणी सुजलेल्या स्नायूत ओढलं जातं, बीपी पडतं, किडनीला रक्त कमी मिळतं. त्यात स्नायूतलं मायोग्लोबिन हे लालसर प्रोटीन किडनीत येतं, आणि लघवी कमी व आम्लधर्मी असेल तर तिथल्या प्रोटीनबरोबर त्याच्या गुठळ्या होऊन बारीक नळ्या तुंबतात. लघवी काळ्या चहासारखी दिसते ती यामुळेच.

म्हणून सलाईन माणूस ढिगाऱ्यात असतानाच लावायचं, हात किंवा पाय मोकळा मिळाला की लगेच, सुरुवातीला तासाला साधारण १ लिटर. साधं नॉर्मल सलाईनच, कारण रिंगर लॅक्टेट या दुसऱ्या प्रकारच्या सलाईनमध्ये थोडं का होईना पोटॅशियम असतं.

एवढं करूनही किडनी बंद पडली तर डायलिसिस, आणि इथं हॉस्पिटलचं घोडं अडतं. चार तासांच्या एका सेशनला मशीनमधून मिनिटाला ५०० मिली या हिशोबाने १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी जातं, वर वीज लागते, नर्स लागते. भूकंपात पाइप फुटलेले, लाइट गेलेली, स्टाफ स्वतःच बेघर. कधी हॉस्पिटलच राहत नाही, २००१ मध्ये भुजचं सरकारी हॉस्पिटल कोसळलं होतं. १९८८ च्या आर्मेनियातल्या भूकंपानंतर डायलिसिसअभावी इतके हाल झाले की किडनीतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने आपत्तीसाठी वेगळं पथकच उभारलं. १९९९ च्या तुर्कस्तानातल्या मारमारा भूकंपात किडनीचा त्रास झालेल्या ६३९ जणांची नोंद झाली, त्यातल्या ४७७ जणांना डायलिसिस लागलं.

अशा वेळी फोनवर मात्र 'आज रात्री अमुक वाजता मोठा झटका, नासाचा इशारा' असले फॉरवर्ड फिरतात. दिवस-वेळ सांगून भूकंपाचं भाकीत कुणालाही करता येत नाही, नासाला नाही आणि पंचांगवाल्यांनाही नाही. त्यापेक्षा सलाईनचा साठा कुठे आहे हे विचारलेलं बरं. शोधकुत्री आणि रोबोट यांचं कौतुक जरूर करा, पण बाहेर काढलेल्या माणसाचा ईसीजी कुणी काढला हे कॅमेऱ्यात येत नाही.

आणि एक गट तर मोजलाच जात नाही. ज्यांना भूकंपाआधीपासूनच आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागतं ते पेशंट. त्यांना खरचटलेलंही नसतं पण सेंटर बंद, आणि चालू असलेल्या मशीनवर क्रशचे पेशंट. यांना सलाईनच्या उलट सल्ला: पाणी मोजून प्या, मीठ कमी, केळी, बटाटा, नारळपाणी बंद, म्हणजे तीनऐवजी दोन सेशनवर काही दिवस निभावता येतं. हा सल्ला लिहिलेला कागद त्यांच्या हातात आधीच असायला हवा, शेवटचा रिपोर्ट आणि मशीनच्या सेटिंगसकट, कारण दुसऱ्या गावच्या सेंटरला त्यांची फाइल मिळणार नसते.