स्नेहसंमेलनातून उभा राहिलेला रंगमंच : मराठवाड्यातील युवकांच्या नाट्य-चित्रपट प्रयोगांची पार्श्वभूमी

मराठवाड्यातील एखाद्या युवक केंद्राने शनिवारी एकांकिका ठेवावी आणि रविवारी त्याच सभागृहात चित्रपट दाखवावा, यात आता नवल राहिलेले नाही. पुण्या-मुंबईच्या वाचकाला हा प्रकार गैरसोयीतून निघालेली पळवाट वाटण्याचा संभव आहे, कारण तिकडे नाट्यगृह वेगळे, चित्रपटगृह वेगळे आणि महाविद्यालयाचा मंच त्याहून वेगळा. येथे ही तिन्ही कामे एका छपराखाली का आली, हे समजण्यासाठी निजामी राजवटीपर्यंत मागे जावे लागते.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. उच्च शिक्षण उर्दूतून चाले आणि ‘गश्ती निशाण त्रेपन्न’ या कुप्रसिद्ध हुकमामुळे परवानगीशिवाय जाहीर सभा घेता येत नसे. अशा वातावरणात कीर्तन, गणेशोत्सवातील मेळे आणि जत्रेतला तमाशा टिकून राहिला. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत तमाशाचे फड आजही उतरतात. तिकीट काढून येणाऱ्या शहरी मध्यमवर्गाच्या आधारावर उभी राहणारी व्यावसायिक मराठी रंगभूमी मात्र येथे रुजली नाही. पश्चिम महाराष्ट्रात नाटक आधी आले आणि महाविद्यालयीन तरुण त्याकडे वळला. मराठवाड्यात महाविद्यालय आधी आले आणि नाटक त्याच्या स्नेहसंमेलनात जन्मले, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

याचे सर्वांत ठळक उदाहरण मिलिंद महाविद्यालयाचे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) हे महाविद्यालय सुरू केले. तेथील प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले ‘युगयात्रा’ हे नाटक १९५५ मध्ये संमेलनात बाबासाहेबांच्या उपस्थितीत सादर झाले आणि १९५६ मध्ये त्याचा प्रयोग नागपुरातही झाला. पुराणकाळापासून वर्तमानापर्यंतची अस्पृश्यांची व्यथा मांडणाऱ्या या नाटकाकडे दलित रंगभूमीचा आरंभ म्हणून पाहिले जाते. एका अख्ख्या रंगधारेची सुरुवात महाविद्यालयाच्या संमेलनात व्हावी, ही गोष्ट मराठी नाट्यइतिहासात जितकी सांगितली जायला हवी तितकी सांगितली जात नाही.

मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये स्थापन झाले. पुढे तेथे नाट्यशास्त्र विभाग आला आणि राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून शिकून आलेल्या कमलाकर सोनटक्के यांच्यामुळे हौशी मुलांना प्रकाशयोजना, नेपथ्य आणि तालमीची शिस्त यांचे रीतसर शिक्षण मिळू लागले. गावोगावच्या मंडळांना मात्र अशी साधने कुठून मिळणार? तेथे तेलाच्या रिकाम्या डब्यात बल्ब बसवून स्पॉट केले जात आणि मिठाच्या पाण्यात तारेची टोके जवळ-दूर सरकवून उजेड कमी-जास्त केला जाई. हा मिठाच्या पाण्याचा डिमर चालवणाऱ्या मुलाला शॉक बसण्याची भीती सतत असे, तरीही ते काम मागून घेणारेच अधिक असत.

विद्यापीठाच्या याच नाट्यशास्त्र विभागात प्राध्यापक असलेल्या लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगात ५२ व्यक्तिरेखा उभ्या केल्या. या यशाचे श्रेय त्यांच्या विनोदाला दिले जाते आणि ते योग्यच आहे. पण एकटा नट, जवळपास रिकामा मंच आणि मराठवाड्याची बोली हा साचा साधनांच्या टंचाईला किती अचूक बसला होता, हेही लक्षात घ्यायला हवे. नंतरच्या पिढीत चंद्रकांत कुलकर्णी आणि प्रशांत दळवी यांच्या ‘जिगीषा’ या नाट्यसंस्थेने औरंगाबादेतून सुरुवात करून मुंबई गाठली. तयार झालेला कलावंत मुंबईला जातो, ही खंत तेव्हापासूनची आहे.

युवक महोत्सवांनी या परंपरेला वेळापत्रक दिले. केंद्र सरकारने पहिला आंतरविद्यापीठ युवक महोत्सव १९५४ मध्ये दिल्लीत भरवला. एकांकिका, प्रहसन, मूकाभिनय हे प्रकार त्यातून घट्ट झाले. नांदेडला १९९४ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्यावर नांदेड, परभणी, लातूरकडील मुलांना स्वतःचा महोत्सव मिळाला. महाविद्यालयाबाहेरच्या तरुणांसाठी १९७२ पासून नेहरू युवा केंद्रे सुरू झाली, आणि व्यसनमुक्ती किंवा हुंड्यावरील पथनाट्य हा त्यांच्या कामाचा ओळखीचा भाग बनला.

चित्रपट या सभागृहांत उशिरा आणि वेगळ्या वाटेने आला. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाल्यावर फिल्म सोसायट्यांना, म्हणजे एकत्र येऊन चांगले चित्रपट पाहणाऱ्या रसिक मंडळांना, चित्रपटांच्या सोळा मिलिमीटरच्या प्रती मिळू लागल्या. पण प्रोजेक्टर, पडदा आणि अंधार या तिन्ही गोष्टी जुळवणे लहान गावात सोपे नव्हते. खिडक्यांना पोती लावून दुपारचा खेळ करायचा, रीळ बदलताना दिवे लावायचे आणि त्या पाच मिनिटांत आधीच्या दृश्यावर वाद घालायचा, अशी ही पद्धत होती. डिजिटल प्रोजेक्टरने रीळ गेले, आणि त्याबरोबर ती पाच मिनिटेही गेली. २०१४ पासून छत्रपती संभाजीनगरला भरणाऱ्या अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवामुळे जगभरचे चित्रपट पाहण्यासाठी पुण्याला जाण्याची सक्ती उरली नाही. एकांकिकेचे काळे पडदे गुंडाळून तेथेच पांढरा पडदा ताणणारी युवक केंद्रातील मुले आता नाटक बसवताना ‘कट’ आणि ‘क्लोजअप’ची भाषा सहज वापरतात, आणि लघुपट करताना नट मात्र एकांकिकेतलेच घेतात.