‘मालकाच्या जबाबदारीवर’ या पाटीने गॅरेज सुटत नाही

गॅरेजच्या भिंतीवर ‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर’ अशी पाटी असली, की नुकसानभरपाई मागताच येत नाही, असा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे. तो चुकीचा आहे. दुरुस्तीसाठी गाडी ताब्यात घेतली, की तिची वाजवी काळजी घेणं ही गॅरेजची जबाबदारी, हे तत्त्व बहुतेक देशांच्या कायद्यांत आहे. नुसती पाटी लावून निष्काळजीपणा सहसा माफ होत नाही.

पण प्रत्येक नुकसान म्हणजे निष्काळजीपणाही नव्हे. गंजलेला बोल्ट काढताना तुटला, तर मेकॅनिकला दोष देणं अवघड. जॅक चुकीच्या जागी लावून दरवाज्याखालचा पत्रा चेपला किंवा ऑइलचा ड्रेन प्लग (ऑइल काढायच्या भोकाचं बूच) जास्त आवळून आटे गेले, तर मात्र गोष्ट वेगळी.

खरी अडचण पुराव्याची. ‘हा ओरखडा आधीपासूनच होता’ हे उत्तर ठरलेलंच! म्हणून गाडी देतानाच चारही बाजूंचे आणि किलोमीटर दाखवणाऱ्या मीटरचे फोटो काढा, जुने डाग जॉब कार्डवर (गॅरेजच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर) लिहून घ्या. परत घेताना उजेडात नीट पाहिल्याशिवाय ‘काम समाधानकारक’वर सही करू नका. नुकसान दिसलं तर तिथेच लेखी कळवा, दुसऱ्या गॅरेजकडून खर्चाचा लेखी अंदाज घ्या आणि मगच रक्कम मागा. बिल अडवलं तर गाडीही अडकू शकते. त्यापेक्षा बिलावर हरकत नोंदवून पैसे भरणं बरं. भरपाई मात्र झालेल्या नुकसानीपुरतीच मिळते, झिजलेल्या टायरच्या बदल्यात कोऱ्या टायरची पूर्ण किंमत नाही.