धुरावरचे छप्पर: स्मोकर आणि आडोसा यांची पार्श्वभूमी

स्मोकरला, म्हणजे मांस-मासे धुरावर शिजवायच्या शेगडीला, छप्पर कसे करावे, हा प्रश्न तसा नवा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो फारसा कोणाला पडत नव्हता, कारण धुरी बहुतेक छपराखालीच दिली जाई. घराचा माळा, परसातली खोली, विटांची भट्टी असे काहीही असो, मांस-मासे टांगायची जागा आणि पाऊस अडवणारी जागा एकच असे. मग चाकांवरचा, कुठेही ढकलत नेता येणारा पत्र्याचा स्मोकर आला आणि विस्तव इमारतीतून उघड्यावर आला. आता वारा-पाऊस सुरू झाला की लोक त्याच्यावर ताडपत्री ओढतात, पत्रे टाकतात, नाहीतर सरळ गॅरेजच्या दारात नेऊन उभा करतात. पाऊस अडतो खरा. पण धूर कुठून जाणार, ठिणगी कशावर पडणार आणि माणूस कोणती हवा घेणार, हा हिशेब राहून जातो. जुन्या धुरीघरांत तो बांधकामातच धरलेला असे.

उत्तर जर्मनीतल्या जुन्या शेतकरी घरांना धुरांडेच नसे. गवती छपराचे एक लांबलचक दालन, त्यात दोन्ही बाजूंना जनावरे आणि एका टोकाला जमिनीवरची उघडी चूल. धूर वर चढून वाशांत रेंगाळे आणि आढ्याखाली ठेवलेल्या भोकातून सावकाश बाहेर पडे. त्याच धुरात हॅम आणि सॉसेज टांगलेली असत. गवताखाली उघडा विस्तव म्हणजे आगीला आमंत्रणच, म्हणून चुलीच्या बरोबर वर जाड लाकडाची एक चौकट टांगत. उडालेली ठिणगी तिच्यावर आपटून विझावी, हे तिचे मुख्य काम. जाता जाता भांडीही तिलाच अडकवत. ठिणगी अडवायला लाकूड वापरणे आज कोणी सुचवणार नाही, पण विस्तव आणि छप्पर यांच्यामध्ये तिसरी वस्तू हवी, हा त्यामागचा विचार चोख होता. पुढे घरांना धुरांडी आली, तेव्हा धुरीचे काम माळ्यावर धुरांड्याला जोडलेल्या बंद कोठडीत गेले.

उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर वर्षातला बराच काळ पाऊस असतो, त्यामुळे सॅमन मासा नुसता उन्हावर सुकवायचा भरवसा नाही. तिथल्या मूळ रहिवाशांची घरे सीडर झाडाच्या फळ्यांची असत आणि छपराच्या फळ्या सरकवता येत. खालून लांब काठीने एखादी फळी बाजूला केली की धूर मोकळा होई, सर आली की ती परत ओढून घेत. बिजागऱ्या नाहीत, पत्रा नाही, तरी हवामानानुसार चालणारी झडप तयार. जपानच्या अकिता भागातली गोष्टही अशीच. तिथे मुळा वाळवायच्या दिवसांत ऊन कमी आणि बर्फ लवकर. त्यामुळे मुळा बाहेर टांगण्याऐवजी घरातल्या चुलीवर, छताखाली टांगला गेला आणि धुरावलेल्या मुळ्याचे लोणचे ही त्या भागाची ओळख झाली. खराब हवामान टाळायला धुरी घरात आली, त्यातून एक नवा पदार्थ निघाला.

अमेरिकेच्या व्हर्जिनियासारख्या वसाहतींत अठराव्या शतकात वेगळा मार्ग निघाला: धुरीला स्वतःचे घर. चौरस, खिडकी नसलेली खोली, उतरते उंच छप्पर, एकच दार आणि त्याला कुलूप, कारण आत कुटुंबाचा वर्षभराचा साठा असे. जमिनीच्या मधोमध खड्ड्यात मंद विस्तव आणि वर तुळयांना मांस. धूर फटींतून आणि वळचणीतून झिरपत बाहेर जाई. ही खोली राहत्या घरापासून सुटी बांधत. खाली विस्तव, वर लाकूड आणि मधे चरबी ठिबकणारे मांस असल्यावर कधीतरी पेट घेतलाच, तर निदान घर वाचावे. आजच्या अग्निनियमांतली अंतराची अट मुळात नवी नाही, ती अशी.

आणि मग स्कॉटलंडचा पूर्व किनारा. आर्ब्रोथ आणि त्याच्या शेजारचे ऑखमिदी हे कोळ्यांचे गाव. तिथली हॅडक मासा धुरावण्याची पद्धत मला या सगळ्या इतिहासात सर्वात शहाणी वाटते. व्हिस्कीचे अर्धे कापलेले पिंप जमिनीत गाडायचे, तळाशी कठीण लाकडाचा विस्तव करायचा. शेपटीला शेपटी बांधलेल्या माशांच्या जोड्या काठ्यांवर घालून पिंपाच्या तोंडावर आडव्या ठेवायच्या आणि वरून भिजलेले गोणपाट टाकायचे. छप्पर म्हणाल तर तेवढेच. पण ते नुसते झाकण नाही. ओले असल्यामुळे ते पेट घेत नाही, वाफ आत धरते, विस्तवाला लागेल तेवढीच हवा पोहोचू देते. बाहेर वारा कसा आहे आणि हवा किती दमट आहे हे पाहून धुरी देणारा गोणपाटांचे थर कमी-जास्त करतो. तासाभराच्या आत मासा तांबूस होऊन शिजतो. 2004 मध्ये या माशाला ‘आर्ब्रोथ स्मोकी’ या नावाने युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण मिळाले. आर्ब्रोथजवळ, याच पद्धतीने केलेल्यालाच ते नाव लावता येते.

हेरिंग माशापासून किपर, म्हणजे चिरून, खारवून धुरावलेला मासा, करणाऱ्यांचे दुखणे मोठे होते. त्यांच्या भट्ट्या म्हणजे उंच, काळ्याकुट्ट आतल्या भिंतींच्या इमारती. जमिनीवर ओकचा भुसा धुमसत ठेवलेला, वर थरांवर थर माशांचे आणि छपराला उघडझाप करता येणाऱ्या पट्ट्या. सगळा ओढा नैसर्गिक. आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा गरम, म्हणून वर चढणार, एवढ्याच बळावर. त्यामुळे दमट, वारा पडलेल्या दिवशी धूर हलत नसे आणि मासा सुकत नसे. सुटलेल्या वाऱ्यात उलट, विस्तव भडके आणि खालचे थर शिजून गळून पडत. अनुभवी माणूस रात्रभर पट्ट्या आणि भुसा सांभाळत बसे, आणि तरी एका भट्टीतला सगळा माल सारखा निघेल याची हमी नसे. म्हणजे भिंत आणि छप्पर असूनही हवामान आत शिरतच होते.

स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनच्या टॉरी संशोधन केंद्राने 1939 मध्ये यावर उत्तर काढले. टॉरी भट्टीत मासे उभ्या थरांत टांगण्याऐवजी ढकलगाड्यांवर ठेवतात, धूर बाहेरच्या वेगळ्या चुलीत तयार करतात आणि पंख्याने तो माशांवरून आडवा, एकसारखा फिरवतात. हवा तापवायला हीटर. बाहेरच्या दमटपणाचा प्रश्न हवा तापवून आणि ताजी हवा मोजून घेऊन सोडवला. धूर करणारा विस्तव आणि अन्न ठेवायची जागा वेगळी करणे, ही त्यातली कळीची गोष्ट. आजचे बरेच औद्योगिक धुरीकक्ष याच तत्त्वावर चालतात.

परसातल्या स्मोकरची वंशावळ मात्र या भट्ट्यांकडून आलेली नाही. 1952 मध्ये शिकागोजवळ वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी पाण्यात तरंगणारा धातूचा बोया अर्धा कापून त्याला झाकण आणि पाय लावले. त्या काळच्या उघड्या शेगडीत वारा शिरला की राख अन्नावर उडे, पाऊस आला की सगळे आटोपते घ्यावे लागे. झाकण हे मुळात हवामानावरचे उत्तर होते, आणि झाकण आले की आतल्या आत धूर कोंडता येतो हे त्याचे फळ. त्याच कंपनीने 1981 मध्ये पाण्याचे भांडे असलेला उभा स्मोकर आणला. टेक्सास-ओक्लाहोमा पट्ट्यात तेलविहिरींवरचे जाड पाइप जोडून आडवे स्मोकर तयार झाले, ज्यात विस्तवाची पेटी एका टोकाला बाजूला असते. पाइपची जाडी नुसती मजबुतीसाठी नव्हती. जाड लोखंड गार वाऱ्यात पटकन थंड पडत नाही. पातळ पत्र्याच्या स्वस्त स्मोकरला याच ठिकाणी मार बसतो. धुरी द्यायला साधारण 105 ते 135 अंश सेल्सिअस टिकवायचे असतात, आणि वाऱ्यात पातळ पत्र्याला ते जमत नाही. मग माणूस आडोसा शोधू लागतो.

1980च्या दशकात पेलेट स्मोकर आला. ओरेगॉनच्या जो ट्रेगर यांना 1986 मध्ये त्याचे पेटंट मिळाले. भुसा दाबून केलेल्या गोळ्या स्क्रू फिरून विस्तवात ढकलतो, पंखा हवा देतो. सोय मोठी, पण छपराची गरज इथे अधिकच वाढली. एक गोळी वाटीभर पाण्यात टाकून बघा: काही मिनिटांत ती फुगते, फाटते आणि पुन्हा भुसा होते. हेच स्मोकरच्या गोळ्यांच्या डब्यात झाले तर स्क्रूच्या नळीत ओला लगदा बसतो, सुकून घट्ट होतो आणि मोटर अडकते. त्यात विजेची वायर आहेच. ओल्या जागी असा स्मोकर चालवायचा तर जोडणी विजेची गळती होताच प्रवाह तोडणाऱ्या स्विचवर हवी आणि सॉकेट पावसाच्या वाटेबाहेर.

आता धोक्याच्या मुळाशी. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी 1850च्या दशकात दाखवले की कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या ऑक्सिजनची जागा बळकावतो. हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी 1896 च्या अहवालात खाणस्फोटांत मरणाऱ्यांपैकी बहुतेकांचा जीव स्फोटाने नव्हे तर या वायूने जातो हे मांडले, आणि खाणीत इशारा म्हणून उंदीर किंवा छोटे पक्षी नेण्याची शिफारस केली. वायूला रंग नाही, वास नाही, आणि तो हवेइतकाच जड, त्यामुळे तळाशीही बसत नाही, वरही जमत नाही, खोलीभर मिसळतो. स्मोकर हवा मुद्दाम तोडून लाकूड धुमसत ठेवतो. अर्धवट ज्वलन म्हणजेच त्याचे काम, आणि अर्धवट ज्वलनातूनच हा वायू निघतो. चांगला स्मोकर बिघडला म्हणून विष सोडतो असे नाही. तो नीट चालतो तेव्हाही सोडतो.

सुट्या बांधलेल्या धुरीघरांत माणूस आत बसत नसे, हा त्यातला फरक. वादळात मात्र लोक विस्तव घरात आणतात. जानेवारी 1993 मध्ये वॉशिंग्टन राज्यात वाऱ्याच्या वादळाने वीज गेली, तेव्हा कोळशाच्या शेगड्या घरात पेटवल्याने अनेकांना विषबाधा झाली. त्याच दशकात अमेरिकेत कोळशाच्या पोत्यांवर घरात, वाहनात, तंबूत जाळू नये असा इशारा चित्रासह छापणे सक्तीचे झाले. अर्धवट उघडे गॅरेजही ‘घरात’ यातच मोडते. वर उचललेले दार पाऊस अडवते, पण धूर आत वळवते, आणि त्या गॅरेजला बहुधा घरात उघडणारे दार असते.

आगीच्या बाजूला अमेरिकेतल्या आदर्श अग्निसंहितेत एक कलम आहे: जळाऊ बाल्कनीवर किंवा जळाऊ बांधकामापासून 10 फुटांच्या, म्हणजे साधारण 3 मीटरच्या आत कोळशाची किंवा उघड्या ज्वाळेची शेगडी चालवू नये. एक-दोन कुटुंबांची घरे आणि स्प्रिंकलर (आग लागताच पाणी फवारणारी यंत्रणा) बसवलेल्या इमारती यांना त्यातून सूट आहे. सूट कायद्यापुरती. स्वतंत्र बंगल्याच्या लाकडी ओसरीला विस्तव वेगळी वागणूक देत नाही. शिवाय वारंवार तापलेले लाकूड हळूहळू कोळसत जाते आणि आधीपेक्षा कमी तापमानाला पेटण्याच्या तयारीला लागते, त्यामुळे इतके दिवस काही झाले नाही, हा पुरावा धरता येत नाही.

या सगळ्यातून आजचा साधा आडोसा घडतो. पत्र्याचे किंवा सिमेंटच्या शीटचे छप्पर, उंच आणि एकीकडे उतरते, धुरांड्याच्या तोंडापासून भरपूर वर, कारण जवळच्या छपराला आपटलेला धूर परत खाली येतो आणि काजळी अन्नावर बसते. वाऱ्याच्या बाजूला एक भिंत, फार तर दोन, बाकीच्या बाजू पूर्ण उघड्या. पावसाची झड जिकडून येते तिकडचा पडदा हवा असेल तर तो न जळणारा, आणि स्मोकरला न टेकणारा. खाली फरशी किंवा काँक्रीट; लाकडी जमिनीवर घातलेली चटई पुरेशी नाही. बर्फ पडत असेल तिथे छप्पर बर्फाचे वजन पेलेल असे, आणि वादळी जागी खांब जमिनीत बांधलेले. गारठ्यात इंधन वाचवायला स्मोकरला इन्सुलेशनचे जाकीट घालता येते, मात्र ते त्याच मॉडेलसाठी केलेले असावे आणि धुरांडे व हवेची झडप झाकणारे नसावे. राख झाकणाच्या धातूच्या डब्यात काढून डबा छपरापासून दूर ठेवायचा, कारण राखेत पुरलेला निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत सापडतो.

एका बाबतीत मात्र कोणतेही छप्पर कमी पडते. शिकागोने 1994 मध्ये घरांत कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म बंधनकारक केले आणि त्याच डिसेंबरात शहरावर गरम हवेचा थर झाकणासारखा बसला. खालची हवा वर जाईना, वाहनांचा आणि चुलींचा धूर कोंडला आणि अलार्मचा धडाका उठला. अग्निशमन दल एका दिवसात अक्षरशः धावून थकले. अलार्मची मानके नंतर सुधारली, पण वारा पडलेल्या, धुकट, गार संध्याकाळी हवा वर चढत नाही हे तसेच आहे. त्या दिवशी तीन बाजूंनी उघड्या आडोशातूनही धूर सरकत नाही, खिडक्यांपर्यंत येतो. म्हणून घराच्या स्मोकरकडच्या बाजूच्या खिडक्या बंद आणि आतला अलार्म चालू हवा. धूर वर न चढता जमिनीलगत पसरू लागला, तर विस्तवाला आणखी लाकूड न देता, हवेच्या झडपा बंद करून तो विझू द्यायचा आणि शिजवायचे राहिले असेल ते घरातल्या ओव्हनमध्ये पुरे करायचे.